डायलिसिस, रोजा आणि सहरीचा डबा: काय द्यावं, काय नको?

गिलकीची भाजी (इंदूर)

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकावा की आरोग्यात, ते कळेना म्हणून इथे टाकतेय. संपादकांनी हवा तर हलवावा.

मी सुदामा नगरात घरगुती डबे करते. ह्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे एक पातेलं वेगळं चढतं. मीठ निम्मं, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी मोरीत, टोमॅटो नावाला, पापड-लोणचं बंद. सेंटरच्या बाकड्यावर चार-चार तास बसून ओळखी होतातच, तशी त्या पातेल्यातली भाजी आणखी काही घरी जायला लागली.

त्यातले एक खजराण्याचे चाचा. ह्यांच्या शेजारची खुर्ची, सोम-बुध-शुक्र, सकाळची पाळी. साठी उलटलेली, वजन पंचावन्नच्या आसपास, बीपी आहे, शुगर नाही, लघवी जवळजवळ बंद. घरी त्यांच्या बायकोचे, खालांचे, गुडघे गेलेत, सून नोकरी करते, म्हणून डबा माझा. परवा म्हणाले, "भाभी, डायलिसिस के दिन नहीं रखूँगा, बाकी चार दिन रोज़ा रखूँगा. सहरी और इफ्तार का डिब्बा आप ही बना दो." डॉक्टरांना विचारलंत का म्हटलं, तर म्हणे, "डॉक्टर तो मना ही करेंगे." म्हणजे विचारलेलं नाही.

यंदा (२०२६) रमजान १९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल. पहाटे सहरीचं खाणं, मग तेरा तास पोटात काही नाही, पाणी नाही, आणि सूर्यास्ताला एकदम इफ्तार. डब्यात काय द्यावं? खजूर चालतो का? माझं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, अंडंही शिजत नाही, तर प्रोटीन कुठून आणू? आणि मुळात मी हा डबा द्यावा की नाही?

रामबागवाला

उत्तम विषय. रुमाल टाकून ठेवतो.

जिरावण (इंदूर)

ताई, तुमच्या डब्यात पोहे असतात का आणि त्यावर सेव असते का, एवढंच सांगा. बाकी वैद्यकीय चर्चा तज्ज्ञ करतील.

गिलकीची भाजी

@जिरावण, पोहे असतात. सेव नाही, जिरावण मसालाही नाही. पहिल्या दिवशी ह्यांनी ताटलीकडे असं पाहिलं की जणू मीच किडनी काढून घेतली.

स्टेथोस्कोप

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: देऊ नका.

मी डायलिसिसच्या पेशंटला उपास नको म्हणतो, मग तो एकादशीचा असो, पर्युषणाचा असो की रमजानचा. लोकांना वाटतं, दिवसभर खाल्लं नाही म्हणजे पोटॅशियम कमी राहील. तसं होत नाही. शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि ते आत ठेवायला इन्सुलिन मदत करतं. बराच वेळ उपाशी राहिलं की इन्सुलिन खाली येतं आणि पोटॅशियम पेशींतून रक्तात झिरपतं. तुमच्या-माझ्या किडन्या ते बाहेर टाकतात. या पेशंटकडे तो रस्ताच नाही. वर संध्याकाळी खजूर, केळं आणि फळांची चाट. रक्तातली पातळी साडेसहाच्या वर गेली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि कित्येकदा आधी काही जाणवतही नाही.

तुमचा हेतू चांगला आहे. पण "भाभींनी डबा दिलाय" याचा अर्थ चाचांच्या घरी "चालतंय" असाच घेतला जाईल.

सोलापुरी चादर

स्टेथोस्कोप, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण घरात काय होतं ते सांगते.

आम्ही मूळचे सोलापूरचे, घरात मराठी-दखनी दोन्ही. माझ्या अब्बांचं डायलिसिस पाच-सहा वर्षं चाललं. पहिल्या रमजानला डॉक्टरांनी एका वाक्यात "बिलकुल नाही" सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. अब्बांनी मान डोलावली आणि घरी येऊन रोजे धरले. कुणाला सांगायचं नाही म्हणून दुपारी ताट घेऊन खोलीत जायचे, भाकरी कागदात गुंडाळून खिडकीत ठेवायचे आणि नंतर गच्चीवर पाखरांना घालायचे. अम्मीला वाटायचं, जेवले.

सत्ताविसाव्या रात्री इबादत असते. त्यासाठी त्यांनी त्या दिवसाचं डायलिसिस "उद्या करतो" म्हणून टाळलं. मशिदीत इफ्तार केली, तिथली सगळ्यांची एक थाळी, फळं, खजूर, चना. रात्री नमाजमध्ये सजद्यातून उठता येईना. पायातली ताकदच गेलेली. आम्हाला वाटलं अशक्तपणा. नशिबाने चुलतभाऊ औषधाच्या दुकानात काम करायचा, तो म्हणाला, आधी हॉस्पिटल. पोटॅशियम सातच्या वर होतं. ईसीजी बघून त्यांनी लगेच इंजेक्शनं दिली आणि रात्रीच मशीन लावलं.

तेव्हा "रोजा धरला तर काय होईल" हे सांगायच्या आधी "धरणार आहात का" हे विचारायला हवं. आणि ते अशा आवाजात की माणूस खरं सांगेल. चाचांनी ताईंना खरं सांगितलंय. ताईंनी नाही म्हटलं तर डबा दुसरीकडून येईल, मीठ घातलेला.

रामबागवाला

+१. कागदातल्या भाकरीचं वाचून आमचे आजोबा आठवले. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली तेव्हा गीतेच्या पुस्तकात पुडी ठेवायचे.

तर्ककठोर

एकविसाव्या शतकात मशीनवर जगणाऱ्या माणसाने उपाशी राहायचं आणि आपण त्याच्या मेन्यूची चर्चा करायची. धन्य आहे. धर्मच आजाऱ्याला सूट देतो असं ऐकलंय, मग अडतंय कुठे?

सोलापुरी चादर

देतोच. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी आणि प्रवासी दोघांनाही सूट आहे. बरा होणारा आजार असेल तर नंतर कजा, म्हणजे तितके रोजे पुढे भरून काढायचे. बरा न होणारा असेल तर फिदिया, एका रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचं जेवण किंवा तितकं धान्य-पैसे. पुढे ट्रान्सप्लांट होऊन तब्येत रोज्याजोगी झाली तर मात्र हनफी मसलकमध्ये (त्या पंथाच्या नियमांत) कजा पुन्हा लागू होते.

अडतं ते कायद्यात नाही, तर्ककठोर. सगळं घर पहाटे उठतं, भांड्यांचा आवाज येतो, आणि एक माणूस तेवढा पांघरुणात. आमच्या मौलवींनी अब्बांना घरी येऊन सांगितलं की तुम्हाला सूट कुणी माणसाने दिलेली नाही, ती नाकारायची नसते. तेव्हा कुठे ते वळले. फिदियाचं धान्य स्वतः मापून द्यायचे आणि सहरीला आमच्याबरोबर उठून बसायचे.

चाचांना ओळखणारे इमाम असतील तर डॉक्टरांइतकाच त्यांचा शब्द चालेल. डायलिसिसने रोजा तुटतो का, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, ते इथे उकरू नका. चाचा त्या दिवशी धरणारच नाहीत, प्रश्न मिटला.

ग्वाल्हेरचे आजोबा

तर्ककठोर यांस: चर्चा फक्त त्यांच्या मेन्यूची का, आमचीही करा. मी स्वतः डायलिसिसवर आहे, लष्करात राहतो (पलटणीत नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्करात). परवा महाशिवरात्रीला आमच्या घरी रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि वर शहाळं. एकादशी आणि दुप्पट खाशी! उपासाचा यातला एकेक पदार्थ घ्या, पोटॅशियमच्या यादीत वरच्या ओळीत सापडेल. मला मिळाली वाटीभर भगर आणि सूनबाईंची सहानुभूती.

"उपासाला सैंधव चालतं, ते पथ्याचं" असं सांगणारेही भेटतात. सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर आमच्यासारख्यांना विषच, कारण सोडियम काढून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपी म्हणून कुणी प्रेमाने आणून दिलं तर देवाला नमस्कार करून दुसऱ्याला द्या.

जिरावण

आजोबा, शहाळं तुम्ही प्यालात की नाही ते गुलदस्त्यात ठेवलंत.

ग्वाल्हेरचे आजोबा

दोन घोट. सूनबाई हा धागा वाचत नाहीत.

आहारवही (वडोदरा)

मी इथे एका डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. फतेगंज-तांदळजा भागातून येणारे बरेच पेशंट रमजानमध्ये हेच विचारतात. स्टेथोस्कोप यांचा सल्ला पहिला, माझा दुसरा. डॉक्टरांना कळवल्याशिवाय डबा सुरू करू नका. ते कळवून झालंय असं धरून लिहिते.

खजूर. १०० ग्रॅममध्ये साधारण साडेसहाशे-सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम. आकडा भीतीदायक आहे, पण १०० ग्रॅम कुणी खात नाही. साधा लहान खजूर सात-आठ ग्रॅमचा, त्यात पन्नासएक मिलिग्रॅम. मोठा मेडजूल वीस-पंचवीस ग्रॅमचा, त्यात दीडशेच्या आसपास. दिवसाचा हिशेब बहुतेक पेशंटना दोन ते अडीच हजारांत बसवावा लागतो. म्हणजे रोजा सोडायला एक लहान खजूर बसतो, तीन मेडजूल आणि वर खजूर शेक बसत नाही. खजूर नसेल तर पाण्याच्या घोटाने रोजा सोडावा असं हदीसमध्येच आहे, त्यामुळे ज्यांचं पोटॅशियम मुळात वर आहे त्यांना मी पाणीच सुचवते. कुणी वाईट वाटून घेत नाही.

खरा घात फ्रूट चाटमध्ये. केळं, संत्रं, चिकू, पेरू, वर काळं मीठ आणि चाट मसाला. बाऊलभर चाट, दोन-तीन मोठे खजूर आणि वाटीभर छोले झाले की हजार-दीड हजार मिलिग्रॅम अर्ध्या तासात पोटात. त्याऐवजी सफरचंद, नासपती किंवा अननसाच्या चार फोडी, मसाल्याशिवाय. आणि कमरख, ज्याला आपल्याकडे करंबळही म्हणतात, त्याची एक फोडही नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. डायलिसिसच्या पेशंटला न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, आणि मृत्यूही आलेले आहेत.

पाणी. लघवी बंद असेल तर बहुतेक ठिकाणी दिवसाला पाऊण ते एक लिटर सांगतात, त्यात चहा, सरबत, वरण, दही सगळं आलं. दिवसभर कोरडं राहून रात्री तीन तासांत माणूस दोन लिटर पितो, आणि मग म्हणतो, मी तर रोजा धरला होता. आमच्याकडे एका बाईंनी मुलाच्या शाळेची बाटली ठरवली आहे. मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला) भरायची, सहरीला रिकामी. इफ्तारला त्यातलं अर्धी वाटी, बाकी मागाहून. सरबताचा मोह असेल तर तेही त्याच बाटलीतून वजा. तहान पाणी न प्यायल्याने लागते त्यापेक्षा मिठाने जास्त लागते, म्हणून पकोडे-समोसे-पापड पहिले काढा.

आता प्रोटीन, जिथे तुमचा डबा तोकडा पडणार आहे. डायलिसिसवर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, कारण दर वेळी मशीन सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं घेऊन जातं. चाचांना ५५ ते ६६ ग्रॅम हवं, आणि तेही दोन जेवणांत. चार पोळ्यांचे १२, तीस ग्रॅम मूगडाळीचे ७, पन्नास ग्रॅम घरच्या पनीरचे ९-१०, वाटीभर घट्ट दह्याचे ३-४. झाले एकतीस ते तेहेतीस. डाळ आणि पनीर वाढवत नेलंत तर फॉस्फरस वाढतो, आणि तोही या किडन्या बाहेर टाकत नाहीत. तीन अंड्यांच्या पांढऱ्याचे ११ ग्रॅम मिळतात आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. उरलेलं चिकनच्या दोन-तीन लहान तुकड्यांत भागतं. ते त्यांच्या घरी शिजू द्या: तुकडे एकदा उकळून पाणी फेकायचं आणि मग रस्सा. यखनी, पाया, निहारीचं पाणी नको, मटणातलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं.

गिलकीची भाजी

आहारवही ताई, दंडवत. हे सगळं छापून कपाटाला चिकटवलं. अंड्यांचं सुनेशी बोलले, ती म्हणाली, "आंटी, अंडे मैं उबाल दूँगी, आप टेंशन मत लो." माझ्या सासूबाईंच्या फोटोसमोर मला आता तोंड वर करून उभं राहता येईल.

सहरीला काय द्यावं? पहाटे साडेचारला उठून मी पोहे करणार नाही, हे आधीच सांगते.

आहारवही

रात्रीच द्या. पोळ्या, उकळून निथळलेली दुधी किंवा गिलकी, मूगडाळीचं धिरडं. सहरी जितकी उशिरा करता येईल तितकी करा म्हणावं, आणि टाळून झोपून राहायचं नाही. सहरी चुकली तर त्या दिवशी रोजा नाही, हे आधीच कबूल करून घ्या. फॉस्फरसची गोळी (खाण्यातला फॉस्फरस पोटातच अडवणारी) जेवणाच्या घासाबरोबरच लागू पडते. दुपारचं जेवण गेलं म्हणजे तो डोस रात्रीच्या मोठ्या जेवणाकडे न्यावा लागेल. तो आणि बीपीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टर ठरवतील.

मशीनवाला

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो तेव्हापासून डायलिसिस टेक्निशियन आहे, आता निवृत्तीला आलो. तीन गोष्टी सांगायच्यात.

चाचा "बाकी चार दिवस" म्हणतात. त्या चारांतला रविवार आधी खोडा. सोम-बुध-शुक्रवाल्याचा शुक्रवार ते सोमवार हा लांबचा गॅप. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही रविवारी शिगेला असतं. सोमवारी सकाळी आमच्याकडे श्वास लागलेले पेशंट येतात ते उगीच नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाचे, त्यातल्या त्यात बरे. डॉक्टर हो म्हणाले तर हेच सुचवतील असं मला वाटतं.

दुसरं, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन. रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात गंमत होते. माणूस वाळतो, मांस उतरतं, पण काट्यावर वजन तेवढंच. कारण मांसाच्या जागी पाणी भरलेलं असतं. आपण जुन्याच ड्राय वेटपर्यंत पाणी काढतो आणि वाटतं सगळं ठीक. सूज, चढलेलं बीपी, आडवं झालं की खोकला, अशी चिन्हं दिसली तर ड्राय वेट पुन्हा ठरवून घ्या. दोन डायलिसिसमध्ये वजन चार-साडेचार टक्क्यांच्या आत वाढावं. पंचावन्न किलोला सव्वादोन-अडीच किलो.

तिसरं, बीपी. सहरीला बीपीची गोळी घेऊन दिवसभर उपाशी, मग रात्री तरावीहला (रमजानच्या रात्रीच्या नमाजला) तासभर उभं. चक्कर येऊन पडलेले पाहिलेत. बीपी फार खाली गेलं तर फिस्च्युला (मशीन जोडायला हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) बंद पडू शकतो, आणि नवा फिस्च्युला करणं म्हणजे काय ते ज्याच्या हातावर वेळ आली त्यालाच विचारा. खुर्चीवर बसून नमाज चालते, म्हणावं. रोज हाताला कान लावून फिस्च्युलाचा घुर्र आवाज ऐकायचा.

स्टेथोस्कोप

मशीनवाले, रविवारचा मुद्दा मी लिहिणारच होतो. सोलापुरी चादर यांच्या पोस्टनंतर एवढं म्हणेन: डबा द्यायचाच असेल तर अट घाला. रमजान लागायच्या आधी डायलिसिसपूर्व पोटॅशियम तपासून, रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. साडेपाचच्या वर असेल, मागच्या महिन्यात पाणी भरून ॲडमिट झाले असतील, किंवा मशीनवर बीपी वारंवार पडत असेल, तर माझं उत्तर नाहीच. आणि ज्या पेशंटला शुगर आहे, इन्सुलिन आहे, त्यांनी हा धागा वाचून काहीही ठरवू नये.

रोजा लगेच सोडायची वेळ कोणती तेही चाचांच्या घरी पाठ हवं: पायात जोर नसणं, छातीत धडधड किंवा ठोके चुकणं, श्वास लागणं, डोळ्यापुढे अंधारी. मगरिबला वीस मिनिटं उरली असली तरी. आणि मग लिंबूपाणी पाजत घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

नवी मुंबईकर

मी पोटाचं डायलिसिस करतो (सीएपीडी). माझे एक सहकारी मुस्लिम आहेत, तेही करतात. त्यांना हेच लागू का?

स्टेथोस्कोप

पुष्कळसं वेगळं आहे. सीएपीडीत रोज पोटॅशियम निघत असल्याने त्याची मर्यादा बहुधा सैल असते, पण प्रोटीन रोज जातं, म्हणून ते आणखी जास्त लागतं. आणि पोटातल्या पाण्यात साखर असते, त्यामुळे रोजाचा प्रश्न त्यांना आलिमांना वेगळा विचारावा लागेल. दिवसाच्या पिशव्या परस्पर बंद करू नका म्हणावं.

तर्ककठोर

माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण फिदियाचं माहीत नव्हतं. आमच्या आजीला ९० व्या वर्षी सोळा सोमवार कुणी सोडू देत नव्हतं, तेव्हा असं काही कलम हवं होतं.

रामबागवाला

अवांतर: २०१८ ला रमजान मेच्या मध्यात लागला होता. इंदुरात बेचाळीस डिग्री, आणि साडेचौदा तासांच्या आसपास रोजा. आमच्या गल्लीतला रिक्षावाला दुपारी नळाखाली डोकं धरून बसायचा. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत आता थंडीच्या शेपटाला आलाय. चाचांना ऋतू तरी बरा मिळाला.

मशीनवाला

ऋतू बरा म्हणूनच मोह जास्त. मे महिन्यात पेशंट स्वतःहून सोडायचे. फेब्रुवारीत म्हणतात, इतना तो हो जाएगा.

गिलकीची भाजी

बातमी देते. सून आणि मी दोघी चाचांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. (ह्यांना घरी पोळी-भाजी झाकून ठेवली होती. ह्यांनी ती खाल्ली आणि वर शेजारून कचोरी मागवली, तो वेगळा धागा होईल.) चाचांनी आधी "ऐसे ही चेकअप" म्हणून सुरुवात केली. सुनेने सरळ सांगितलं, अब्बा रोजे धरणार आहेत.

पोटॅशियमचा रिपोर्ट ५.८. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही. दोन आठवडे खाणं सांभाळा, पुन्हा तपासू. ५.५ च्या आत आलं आणि वजन काबूत राहिलं तर मंगळवार आणि गुरुवार, एवढेच. शनिवारचं नंतर बघू. रविवार नाहीच, अगदी मशीनवाल्या दादांनी लिहिलं तसं. चाचा रुसले. परत येताना रिक्षात एक शब्द नाही. खजराण्याला उतरताना म्हणाले, "तो पहले दो हफ्ते का फिदिया निकाल दो," आणि सुनेकडून मोबाइल घेऊन हिशेब करायला लागले.

म्हणजे पहिले दोन आठवडे माझा नेहमीचाच डबा, पण संध्याकाळचा मगरिबच्या वेळेला पोचवायचा. त्यांना सगळ्यांबरोबर दस्तरख्वानवर बसायचंय. एक लहान खजूरही ठेवायचा का, की ५.८ ला तोही नको?

आहारवही

५.८ ला घरातला खजूर त्यांच्या हाताशीच नको. सफरचंदाची फोड ठेवा. आणि आधीच्या आठवड्यात काय खाल्लं ते विचारा. हा आकडा तुमच्या डब्यातून आलेला नाही, वर काहीतरी चालू आहे.

गिलकीची भाजी

विचारलं. नातवाबरोबर रोज दुपारी संत्री. सोलून द्यायला बसतात, म्हणे.

जिरावण

सोलणाऱ्याने एक फोड खायची नाही हा जुलूम आहे. चाचांना नाही, नातवाला सांगा, स्वतः सोल.

ग्वाल्हेरचे आजोबा

ताई, ईदचंही आत्ताच बघून ठेवा. पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद २० किंवा २१ ला. २० ला आली तर शुक्रवार, म्हणजे चाचांची मशीनची सकाळ. मी दिवाळीत हे भोगलंय, ऐन सकाळी पाळी, आणि मग घरचे म्हणतात, आज राहू दे.

मशीनवाला

आजोबा एकदम पक्के. पाळी बदलायची तर आत्ता सांगा, ईदच्या आदल्या रात्री चाँद बघून फोन केला तर कुठल्याच सेंटरवर खुर्ची रिकामी नसते. शुक्रवारी दुपारची पाळी मिळाली तर ईदची नमाज करून येता येईल. टाळायचं मात्र नाही, पुढे शनिवार-रविवार आहे.

गिलकीची भाजी

उद्याच सेंटरवर बोलते. आणि शीरखुर्म्याचं काय? दूध, खारीक, पिस्ते, बदाम, म्हणजे आहारवही ताईंच्या यादीतलं सगळंच.

सोलापुरी चादर

आम्ही अब्बांसाठी वेगळा करायचो. बारीक शेवया थोड्या तुपात खरपूस भाजा, अर्धं दूध अर्धं पाणी घाला, वेलची जरा जास्त, साखर घाला कारण त्यांना शुगर नाही. खारीक अजिबात नको, तिच्यात पाणी नसतं म्हणून पोटॅशियम खजुरापेक्षाही दाट. चारोळ्या वरून चार दाणे, दिसायला. लहान वाटी, आणि ती पाण्याच्या बाटलीतून वजा. फॉस्फरसची गोळी वाटीबरोबरच ठेवा, नाहीतर गडबडीत राहते. घट्ट होऊ द्या, पातळ केला तर एकाच्या दोन वाट्या होतात.

जिरावण

आणि १९ ला ताईंच्या घरचं श्रीखंड चाचांकडे जाणार की नाही?

आहारवही

चक्क्यात प्रोटीन चांगलं असतं. दोन चमचे, पिस्ते काढून. फॉस्फरसच्या गोळीबरोबरच.